ॲल्युमिनियमच्या जॉबवर एका रात्रीत काळे डाग, कूलंटमधल्या गंजरोधकाबद्दल कुणाला माहिती आहे का?

उद्यमबाग_मिलिंग
नमस्कार मंडळी. माझं बेळगावच्या उद्यमबागेत छोटं मशीनशॉप आहे, दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग मशीनं) आणि एक लेथ. इतकी वर्षं बीड (ओतीव लोखंड) आणि स्टीलचंच काम करायलो होतो, गेल्या वर्षापासनं ॲल्युमिनियमचे हाउसिंग घ्यायला लागलो. मागच्या मंगळवारी संध्याकाळी ४२ नग मशीनवरनं उतरवलो, ओलेच होते, वर तशीच गोणपाट टाकून घरी गेलो कारण पाऊस लई होता आणि लाईट पण जाऊन येऊन होती. बुधवारी सकाळी गोणपाट काढलो तर काय सांगू, निम्म्या नगांवर राखाडी-काळे डाग. जिथं चिप चिकटून राहिली होती तिथं बरोबर चिपच्या आकाराचा डाग, आणि जिथं दोन नग एकमेकाला टेकले होते तिथं गोल कडा. एमरी मारून बघितलो, वरचं जातं पण खाली बारीक खड्डे आहेत, नखाला लागतात. पार्टीनं अख्खा लॉट परत पाठवला.
कूलंट (कापताना जॉबवर सोडतो ते गार करणारं पाणी मिसळलेलं द्रावण) विकणारा म्हणतो आमच्या मालात गंजरोधक आहे, तुमचं पाणी खराब. मटेरियलवाला म्हणतो कूलंट खराब. नेटवर बघितलो तर ऑर्गॅनिक इनहिबिटर, सेंद्रिय संयुगं असं काय काय लिहिलंय, माझ्या डोक्यावरनं गेलं. ॲल्युमिनियमला गंज चढत नाही असंच आपण लहानपणापासनं ऐकत आलोय की. मग हे काय आहे? कुणाला अनुभव असेल तर सांगा, पुढच्या सोमवारी परत ६० नग लावायचे आहेत.

जुना_फाउंड्रीवाला
दादा आधी चार गोष्टी सांगा. पाणी कुठलं, बोअरचं का नळाचं? कूलंटचा पीएच कधी बघितलाय का? त्याच टाकीत पितळेचं काम पण करताय का? आणि टाकीत कुणी काय ओतलंय का अलीकडं? हा शेवटचा प्रश्न मी मुद्दाम विचारायलोय, ३१ वर्षं शॉपफ्लोअरवर काढल्यात, टाकीत कोण काय ओततं ते मालकाला सगळ्यात शेवटी कळतं.

उद्यमबाग_मिलिंग
काका तुम्ही बरोबर धरलात. आत्ता ऑपरेटरला बसवून विचारलो. सोमवारी सकाळी टाकीला कुजका वास यायला लागला म्हणून त्यानं पोरग्याला सांगून धुण्याचा सोडा टाकलाय, दोन मुठी म्हणाला, मला वाटतंय जास्तच असणार. वास गेला म्हणून त्याला बरं वाटलं. पाणी बोअरचं, भांड्याला पांढरे थर बसतात असलं. आणि हो, मागच्या महिन्यात एका व्हीएमसीवर पितळेचे बुश केलेत, टाकी तीच. पीएच कधी बघितलो नाही.

जुना_फाउंड्रीवाला
मग झालं की. तुमच्या चारीच्या चारी गोष्टी एकाच टाकीत आल्यात. ऑपरेटरला रागवू नका, बीडाच्या कामाला सोडा टाकला तर काय बिघडत नाही, उलट गंज कमी होतो, म्हणून जुनी माणसं टाकायचीच. ॲल्युमिनियमचं उलटं आहे. सोडा-कॉस्टिक हेच त्याचं विष. आपल्या बेळगावच्या अल्युमिना कारखान्यात बॉक्साइटमधनं अल्युमिना काढतात ते कशानं काढतात? गरम कॉस्टिकमध्ये विरघळवूनच की. जी गोष्ट दगडातनं अल्युमिना ओढून काढते ती तुमच्या हाउसिंगला सोडंल होय?

रसायन_टिळकवाडी
काकांनी मुद्द्याचं सांगितलंय, मी थोडं पुढे नेते. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, गंज हा माझा आवडीचा विषय आहे त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या.
ॲल्युमिनियमला गंज चढत नाही हे अर्धं खरं आहे. उघड्या ॲल्युमिनियमवर हवेतल्या ऑक्सिजनमुळे क्षणात ऑक्साइडचा पापुद्रा धरतो, तो इतका पातळ की काही नॅनोमीटरच, आणि तोच खालच्या धातूला सांभाळतो. हा पापुद्रा साधारण पीएच ४ ते ८.५ याच्या मध्ये टिकतो. त्याच्या खाली आम्लात विरघळतो आणि वर गेलात तर अल्कलीतसुद्धा विरघळतो, कारण हा ऑक्साइड दोन्हीशी जमवून घेणारा आहे. लोखंडाचं तसं नाही, त्याला अल्कली चालते, म्हणून स्टीलसाठीची कूलंटं पीएच ९ ते ९.५ वर ठेवलेली असतात. म्हणजे तुमची टाकी मुळातच ॲल्युमिनियमच्या सीमेबाहेर जरा पाय टाकून होती, धुण्याच्या सोड्यानं ती ११ च्या आसपास गेली असणार. ऑपरेटरनं टाकीत बारीक बुडबुडे बघितलेत का विचारा, तो हायड्रोजन असतो.
दुसरं म्हणजे बोअरच्या पाण्यातलं क्लोराइड, मिठात असतं ते. हे पापुद्र्याला सगळीकडं सारखं खात नाही, एखाद्या कमजोर जागी भोक पाडतं आणि तिथंच खोल जातं. नखाला लागणारे खड्डे ते हेच. आणि लक्षात घ्या, टाकीतनं उडून जातं ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतात. तुम्ही रोज बोअरचंच पाणी भरत गेलात तर सहा महिन्यांत टाकीतलं पाणी बोअरपेक्षा कितीतरी खारट झालेलं असतं.
पितळेचं उद्या लिहिते, आता पेपर तपासायचेत.

अथणीचा_बागायतदार
पितळेवरनं आठवलं म्हणून मध्येच लिहायलोय. आमच्यात द्राक्षाला बोर्डो (मोरचूद-चुन्याची फवारणी) करताना एकदा मोरचूद ॲल्युमिनियमच्या घमेल्यात भिजवलता माझ्या मेव्हण्यानं. संध्याकाळी बघतोय तर घमेल्याच्या तळाला लाल गाळ बसलेला आणि भांडं चाळणी. पाण्याचा निळा रंग पण उतरलेला. तेव्हापासनं आम्ही प्लास्टिकच्या ड्रममध्येच करतो. हे तेच का ताई?

रसायन_टिळकवाडी
अगदी तेच, आणि याहून चांगलं उदाहरण मी वर्गात पण देऊ शकले नसते. तो लाल गाळ म्हणजे तांबं. ॲल्युमिनियम विरघळून पाण्यात गेलं आणि मोरचुदातलं तांबं त्याच्या जागी बाहेर येऊन बसलं. बसलेला तांब्याचा प्रत्येक कण मग आजूबाजूच्या ॲल्युमिनियमशी मिळून एक छोटी बॅटरी बनवतो आणि तिथं ॲल्युमिनियम आणखी वेगानं झिजतं.
उद्यमबागवाल्या दादांच्या टाकीत हेच कमी प्रमाणात झालंय. कूलंटमधली अमाइनं (नायट्रोजनची अल्कली संयुगं) पितळेतलं तांबं थोडं थोडं सोडवतात, ते पाण्यात फिरत राहतं आणि ॲल्युमिनियमचा जॉब आला की त्याच्यावर बसतं. डोळ्याला दिसत नाही इतकं असलं तरी डाग पाडायला पुरतं.
आता सेंद्रिय संयुगांकडे येते. बेन्झोट्रायझोल आणि त्याचा भाऊ टॉलिलट्रायझोल ही नावं कूलंटच्या डेटाशीटवर दिसतील. त्यांचं मुख्य काम तांब्यावर. त्यांच्या रेणूतला नायट्रोजन तांब्याला धरून ठेवतो, पृष्ठभागावर घट्ट थर करतो आणि पाण्यात सुटलेलं तांबंही बांधून टाकतो. म्हणजे तुम्ही औषध लावलं तांब्याला आणि वाचलं ॲल्युमिनियम. मला ही गोष्ट फार सुंदर वाटते.

निपाणीकर_७७
ताई एक विचारतो. सेंद्रिय म्हणजे गोमूत्र, शेणखत असलं काय टाकायचं असतं का? आमच्यात सेंद्रिय म्हटलं की तेच. आणि आमच्या निपाणीत तंबाखूच्या वखारीत बारीक चुरा किती वाया जातो, गेल्या वर्षी एक पाहुणा म्हणायलता की तंबाखूच्या पाण्यानं गंज थांबतो, तेव्हा मला खरं वाटलं नाही.

रसायन_टिळकवाडी
प्रश्न चांगला आहे, गोंधळ शब्दाचा आहे. रसायनशास्त्रात सेंद्रिय म्हणजे कार्बनची संयुगं, एवढंच. त्यात कडुनिंबाचा अर्कही आला आणि कारखान्यात बनवलेलं विषारी द्रावणही आलं. शेतीतलं सेंद्रिय वेगळं. म्हणून डब्यावर ऑर्गॅनिक लिहिलंय म्हणजे हातमोजे नकोत असं कुणी समजू नका.
ही संयुगं काम करतात ती साधारण अशी की रेणूत नायट्रोजन, ऑक्सिजन किंवा गंधक असतं, त्यांच्याकडे मोकळे इलेक्ट्रॉन असतात, त्या टोकानं रेणू धातूला चिकटतो आणि त्याची तेलकट शेपटी पाण्याकडे राहते. असे रेणू शेजारी शेजारी बसले की पाऊस आल्यावर आपण भाताच्या गंजीवर ताडपत्री टाकतो तसं होतं. जितकं जास्त टाकाल तितकं झाकलं जातं, पण एकदा सगळी जागा भरली की पुढे कितीही ओता, फरक पडत नाही, पैसे जातात. आणि तापमान वाढलं की नुसते वरवर चिकटलेले रेणू सुटून जातात.
तंबाखूबद्दल तुमचे पाहुणे बरोबर बोलले. तंबाखूच्या अर्कानं धातूंचा गंज कमी होतो यावर अमेरिकेत काम झालंय, पेटंटसुद्धा निघालंय. निवडुंगाच्या अर्कानं आम्लातल्या ॲल्युमिनियमची झीज कमी होते असा अभ्यास २००३ साली कोरोजन सायन्स या नियतकालिकात आलाय. मेंदी, कडुनिंब यांच्यावरही बरंच काम झालंय. पण यातलं बहुतेक काम आम्लातलं आहे हे विसरू नका. दादांची टाकी अल्कलीकडं झुकलेली. अल्कलीत ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग ऋणभारित असतो, पापुद्राही विरघळत असतो, चिकटायला जागाच धड राहत नाही. तिथं भलेभले इनहिबिटर हात टेकतात.

खानापूर_नंदगड
मी यावर थोडंसं करून बघितलंय म्हणून लिहितोय. मी डिप्लोमा केमिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टला हेच घेतलंवतं. आमच्याकडं जंगलातनं हिरडा भरपूर येतो, आजीनं वाळवून ठेवलेला असतोच, तोच कुटून रात्रभर पाण्यात भिजवला आणि गाळून घेतला. ५० बाय २५ मिलिमीटरच्या पट्ट्या, ३ जाडीच्या, एकाच पत्र्यातनं कापल्या, पॉलिश पेपर मारून ॲसिटोननं पुसून कोरड्या केल्या. एक पट्टी नुसत्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात, दुसरी त्याच आम्लात हिरड्याचा अर्क घालून, तीन तास.
अडचण वजनाची होती. कॉलेजातला काटा बिघडलेला. मग शहापूरच्या सराफ गल्लीत मामाच्या ओळखीच्या सराफाकडं गेलो, त्यांच्याकडं मिलिग्रॅमचा काटा, काचेच्या पेटीत. आधी ते म्हणाले ॲल्युमिनियम काय वजन करायलास रे बाबा. पण सांगितल्यावर इतका रस घेतला की पंखा बंद केला, पट्टीला हात न लावता चिमट्यानं धरून दोन दोनदा वजन करून दिलं आणि आकडे स्वतः चिठ्ठीवर लिहिले. नुसत्या आम्लातली पट्टी ९६ मिलिग्रॅम उतरली, हिरड्यातली ३१. म्हणजे ९६ मधनं ३१ गेले ६५, भागिले ९६, साधारण ६८ टक्के झीज वाचली. ती चिठ्ठी अजून प्रोजेक्टच्या वहीत चिकटवलीय.
दादा तुमच्या टाकीत पण हिरडा घालून बघूया का?

जुना_फाउंड्रीवाला
बाळा काम झकास केलंस, मनापासनं सांगतो. पण दादाच्या टाकीत हिरडा घालू नका रे. हिरड्यात टॅनिन, आणि टॅनिनला लोखंड मिळालं की काय होतं? शाई. पूर्वी हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) घालूनच शाई करायचे. व्हीएमसीचा बेड लोखंडाचा, टाकी लोखंडाची, आधीच्या बीडाची चूर तळाला बसलेली. दोन दिवसांत सगळं काळं पाणी होईल, वर झाडपाल्याचा अर्क म्हणजे किड्यांना जेवणच, वास सोमवारऐवजी शनिवारीच येईल. तुझा प्रयोग आम्लानं भांडी-पाइप साफ करताना उपयोगाचा. प्रत्येक औषधाची जागा वेगळी असते.

रसायन_टिळकवाडी
काकांशी शंभर टक्के सहमत. आणि नंदगडच्या मुलाला सांगते, एका पट्टीवर थांबू नकोस, प्रत्येक द्रावणात निदान तीन पट्ट्या घे आणि अर्काचं प्रमाण बदलत जा. सराफ काकांना माझा नमस्कार सांग.

निपाणीकर_७७
मग माझ्या ट्रॅक्टरच्या रेडिएटरचं पण सांगा की ताई. ॲल्युमिनियमचा आहे, दोन वर्षांत दोनदा पाझर लागला. मेकॅनिक म्हणतो पाणीच घाला, कूलंट म्हणजे कंपन्यांचा धंदा.

रसायन_टिळकवाडी
मेकॅनिकचं ऐकू नका. तुमचं विहिरीचं पाणी आणि दादांचं बोअरचं पाणी, कथा एकच, वर इंजिनाची उष्णता. रेडिएटरच्या आजच्या कूलंटमध्ये सेंद्रिय आम्लांचे क्षार असतात, २-इथाइलहेक्झानोइक आणि सेबॅसिक आम्ल ही त्यातली नेहमीची नावं. सेबॅसिक आम्ल एरंडेलापासनं बनतं, हे तुम्हाला आवडेल. ही आम्लं जिथं झीज सुरू होते तिथंच जाऊन पातळ थर धरतात, म्हणून हळूहळू खर्च होतात आणि जास्त टिकतात. जुन्या हिरव्या कूलंटमध्ये सिलिकेट असायचं, ते सगळीकडं थर देतं पण लवकर संपतं. रंगावरनं ओळखू नका, रंग कंपनी हवा तो घालते. दोन प्रकार एकत्र मिसळू नका आणि पाणी डिस्टिल्डच घ्या. कूलंटचं पहिलं परीक्षण कसं करतात माहीत आहे का, तांबं, पितळ, सोल्डर, स्टील, बीड आणि ओतीव ॲल्युमिनियमच्या पट्ट्या एकत्र बांधून ८८ अंशाला ३३६ तास मुद्दाम खारट केलेल्या कूलंटमध्ये ठेवतात आणि मग वजन करतात. म्हणजे नंदगडच्या मुलानं केलं तेच, दोन आठवडे.

वडगाव_गृहिणी
घरातलं विचारू का? माझं ॲल्युमिनियमचं पातेलं पाणी उकळलं की आतनं काळं पडतं आणि चिंच घालून उकळलं की परत पांढरं होतं. यात पण असलं औषध घालतात का?

रसायन_टिळकवाडी
नाही ताई, स्वयंपाकाच्या भांड्यात यातलं काहीही घालायचं नाही. जड पाण्यातल्या अल्कलीनं काळपट थर येतो, चिंचेच्या आम्लानं तो निघतो, पण चिंच थोडं ॲल्युमिनियमही घेऊन जाते. आंबट आमटी, सोलकढी, ताक स्टीलमध्ये ठेवा, एवढंच.

उद्यमबाग_मिलिंग
मंडळी, दहा दिवसांनी लिहायलोय, रागावू नका, काम चालू होतं.
पहिल्यांदा टाकी पूर्ण रिकामी केलो. जुनं कूलंट नाल्यात सोडलो नाही, प्रदूषण मंडळाची परवानगी असलेल्याकडं दिलो, ड्रमचे पैसे गेले पण ठीक आहे. टाकीच्या तळाला एक इंच चिखल होता, त्यात पितळेची चूर चमकायलती, बघून पोटात गोळा आला. सगळं खरवडून, मशीन क्लीनर फिरवून, दोनदा साध्या पाण्यानं धुतलो. शेजारच्या आरओ प्लांटवरनं पाणी आणायला लागलो, रोजच्या भरतीला पण तेच. दुसऱ्या डीलरकडनं ॲल्युमिनियमसाठीचं कूलंट घेतलो, डेटाशीट मागितलो तर त्यानं लगेच दिली, त्यात ट्रायझोल लिहिलंय आणि नायट्राइट नाही. रिफ्रॅक्टोमीटर (पाण्यात कूलंट किती टक्के ते दाखवणारं) घेतलो, डीलरनं सांगितलेला गुणक धरून ७ टक्क्यावर ठेवायलोय. पीएचच्या पट्ट्या मशीनच्या दारावरच लटकवल्यात, सकाळी पहिलं काम तेच, ८.८ च्या आसपास असतो. पितळेचं काम दुसऱ्या मशीनवर नेलो.
काकांनी फोनवर सांगितलेली एक गोष्ट पण केलो. नवीन पाणी टाकीत भरायच्या आधी चार काचेचे ग्लास घेतलो. एकात नवीन कूलंट आरओच्या पाण्यात, दुसऱ्यात नवीन कूलंट बोअरच्या पाण्यात, तिसऱ्यात जुनं टाकीतलं, चौथ्यात नवीन कूलंट आणि चिमूटभर सोडा. प्रत्येकात जॉबच्या मटेरियलची पट्टी अर्धी बुडवून, वर झाकण ठेवून दोन दिवस. सोड्याच्या ग्लासात तासाभरातच पट्टीला बारीक बुडबुडे चिकटले. दोन दिवसांनी ती गडद राखाडी. जुन्या कूलंटमधल्या पट्टीला पाण्याच्या रेषेवर काळा पट्टा. बोअरच्या ग्लासात दोन-तीन ठिपके, भिंग लावल्यावरच दिसले. आरओची पट्टी होती तशीच, नुसती थोडी चमक उतरली. त्या चार पट्ट्या ओळीनं भिंतीवर लावलोय, ऑपरेटर आता स्वतः नवीन पोरांना दाखवायलाय.

जुना_फाउंड्रीवाला
त्या पट्ट्या भिंतीवरच राहू देत. आणि नायट्राइट नाही हे बघितलात ते फार चांगलं केलात. काही अमाइनं आणि नायट्राइट एकत्र आले की नायट्रोसमाइन तयार होतं, ते कॅन्सर करणारं, आणि श्वास आपलीच पोरं घेतात. पूर्वी क्रोमेट (क्रोमियमचा क्षार) वापरायचे, ॲल्युमिनियमला त्याच्यासारखं रोखणारं दुसरं काही नव्हतं, पण ते पण तसंच जीवघेणं. म्हणून तर ही सगळी सेंद्रिय संयुगं शोधायची धडपड चाललीय. हत्तरगीला विमानाचे पार्ट बनतात तिथल्या पोरांना विचारा, त्यांच्या धंद्यात क्रोमेट सोडणं किती अवघड आहे ते.

रसायन_टिळकवाडी
दादा, जॉब कुठल्या ग्रेडचे, म्हणजे मिश्रधातूच्या कुठल्या नंबरचे आहेत? ६०६१ असेल तर हे पुरेल. २०१४ किंवा २०२४ असेल तर धातूतच चार टक्क्यांच्या वर तांबं आहे, तिथं बाहेरनं तांबं यायची गरजच नाही, बॅटरी आतच बसलेली असते. त्यावर ८-हायड्रॉक्सीक्विनोलिनसारख्या संयुगांवर संशोधन चालू आहे, ते ॲल्युमिनियमला धरून न विरघळणारा थर करतं.

उद्यमबाग_मिलिंग
हाउसिंग ६०६१ चे, पण एका पार्टीचे ८ फ्लँज २०१४ चे आहेत ताई, आणि डाग पहिल्यांदा त्याच्यावरच आलते, आता कळलं का ते.
सोमवारचे ६० नग झाले. उतरवला की हवेनं चिप उडवायची, आरओच्या पाण्यात बुडवून काढायचं, परत हवा, आणि प्लास्टिकच्या जाळीवर एकमेकाला न टेकता. गोणपाट आणि पेपर शॉपमधनंच काढून टाकलो. रात्री परत पाऊस, खानापूर रोडला पाणी. मला झोप नव्हती, साडेसहालाच शटर उघडलो, टॉर्च मारून एक एक नग फिरवून बघितलो. ६० पैकी ६० हाउसिंग स्वच्छ. ८ फ्लँजपैकी एकावर बोटाचा ठसा उमटलाय, अक्षरशः अंगठ्याच्या रेषा मोजता येतील इतका.

जुना_फाउंड्रीवाला
घामाचं मीठ. नायट्राइलचे हातमोजे द्या सगळ्यांना, कापडी नको, ते घाम धरतात.

उद्यमबाग_मिलिंग
आणायला माणूस पाठवलोय काका. ताई, त्या ठशाचा फ्लँज मी ठेवून घेतलोय, रविवारी टिळकवाडीत आणून देतो, नंदगडच्या पोराला पण बोलवा.